वाचलेला रुपया कोणाच्या नावे पडला?

आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदांना आणि कार्यकारी मंडळाला खुले पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये झालेल्या सर्वसाधारण सभेत मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. तिसऱ्या रांगेत बसून हातातला कागद दोनदा वाचला, घरी आले आणि रात्रभर झोप लागली नाही. म्हणून हे पत्र. उघड लिहिण्याचं कारण असं, की 'खर्चकपातीचे अकरा उपाय' हा कागद काही आपल्या एकट्या सोसायटीत निघालेला नाही. माझ्या बहिणीच्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत आणि नणंदेच्या औंधच्या सोसायटीतही थोड्याफार फरकाने हेच उपाय चर्चेला आले आहेत.

आधी हे सांगते, की हा सगळा कागद मला नामंजूर नाही. अकरापैकी सहा उपायांना मी आनंदाने हात वर करीन. जिन्यात सेन्सरचे दिवे, गच्चीवरची टाकी वाहू नये म्हणून अलार्म, लिफ्टच्या देखभालीसाठी तीन ठिकाणचे दर मागवणं, गळक्या नळांची एकदाच नीट दुरुस्ती, हे सगळं कधीच व्हायला हवं होतं. ज्यांनी रात्री जागून ही आकडेमोड केली त्यांचे मनापासून आभार. मेंटेनन्स ३,२०० वरून ४,००० झाला तर आपल्यातल्या पेन्शनवाल्यांना जड जाणार आहे, आणि मीही त्यांच्यातलीच आहे. ठेवींच्या व्याजावर घर चालतं तिथे महिन्याचे ८०० रुपये कुठून काढायचे, हा प्रश्न खरा आहे.

माझं म्हणणं आहे ते उरलेल्या पाच उपायांबद्दल.

सभेतला एक प्रसंग आठवा. पाचव्या उपायावर बोलणं चालू होतं. वॉचमन तीनऐवजी दोन ठेवायचे आणि आठ तासांची पाळी बारा तासांची करायची, असा तो उपाय. तेवढ्यात वॉचमनकाका चहाचा थर्मास आणि कागदी कप घेऊन आले. बोलणं थांबलं. कोणी खूण केली नव्हती, ते आपसूकच थांबलं. कोणीतरी पंख्याचं बटण कुठे आहे ते विचारलं, कोणीतरी गणपतीच्या वर्गणीचा विषय काढला. काकांनी एकेकाला कप दिला, 'साखर कमी आहे का बघा' म्हणाले आणि गेटवर परत गेले. मग आपण पुढे बोलायला लागलो. पन्नासएक शिकलेली माणसं तेवढा वेळ गप्प बसलो, कारण बोलणं ज्याच्याबद्दल होतं त्याच्यासमोर ते आपल्या तोंडून निघेना. सेन्सरच्या दिव्यांचा विषय चालू असताना काका आले असते, तर कोणी गप्प झालं असतं का?

मी ३४ वर्षं बँकेत काढली. त्यातली निम्मी वर्षं कीर्द-खतावणी हाताने लिहिण्यात गेली. त्या कामाने एक सवय अंगात मुरली. रक्कम कुठे जमा दिसली की ती कोणाच्या नावे पडली, म्हणजे कोणाच्या खात्यातून गेली, हे शोधायचं. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर कुठेतरी एक नोंद राहून गेलेली असायची, आणि ती सापडल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. काटकसरीकडेही मी तशीच बघते. वाया जाणारं थांबवलं, तर ते कोणाच्याच नावे पडत नाही; अशी बचत मिळाली तर सोडू नये. पण पुष्कळदा वाचलेला रुपया कोणीतरी सोसलेला असतो. कधी आपण स्वतः, जिभेला आवर घालून, पाय झिजवून किंवा रांगेत उभं राहून. कधी दुसरंच कोणी. आणि घरच्या हिशेबाच्या वहीत आपण फक्त जमेची बाजू लिहितो.

माझ्या आईने नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत पाच माणसांचा संसार केला. माझ्या बँकेतले पाठकोरे कागद तिच्या वाणसामानाच्या याद्यांना लागायचे, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या, शिळ्या पोळीचा कुस्करा आणि आंबट ताकाची कढी हे आठवड्याचं ठरलेलं. साबणाच्या चिपट्या ती फडक्यात बांधून पार संपेपर्यंत वापरायची. मी लकडी पूल ओलांडून कॉलेजला चालत जायचे, बसचे पैसे वाचायचे आणि त्यातून वर्षाची पुस्तकं यायची. या सगळ्याचा भार आमच्याच जिभेवर आणि आमच्याच पायांवर होता, म्हणून त्याची कधी लाज वाटली नाही. आपल्या घरासमोरच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते धोंडो केशव कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि हिंगण्याच्या झोपडीत आश्रम होता तिथे पायी जायचे. विधवांसाठी एकेक पैसा जमवणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या पायांना सूट दिली नाही.

पण आईच्या त्याच स्वयंपाकघरात भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर दोन तऱ्हेच्या खुणा असायच्या, एक दुधाची आणि दुसरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या खाड्यांची. महिन्यात दोनपेक्षा जास्त खाडे झाले की पगारातून पैसे कापले जायचे. बाई का आल्या नाहीत हे आई विचारायची, पण कारण काहीही असलं तरी कापायची. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगार वाढवा, हक्काची रजा द्या, असं त्यांचं मागणं होतं, आणि त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मी तेव्हा २४ वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. आमच्या बाई आल्या नाहीत तेव्हा आई दोन दिवस चिडचिड करत होती. तिसऱ्या दिवशी मोरीत भांडी घासता घासता म्हणाली, "मला बरं नसलं की भांडी तू घासतेस. तिला बरं नसलं की मी तिचे पैसे कापते." त्यावर आम्ही दोघीही पुढे काही बोललो नाही. संप मिटला, बाई कामावर आल्या. पुढच्या महिन्यापासून कॅलेंडरवर फक्त दूध राहिलं.

राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तरी आपल्या इमारतीत किती घरांत खाडे मोजले जातात, ते आपलं आपल्याला माहीत आहे. आणि कागदावरचा नववा उपाय तर जिना झाडणाऱ्या दोघींचा दिवाळीचा एक पगार बंद करून त्याऐवजी मिठाईचा पुडा द्यावा, असा आहे.

आता सातव्या उपायावर जरा जास्त बोलते, कारण त्यातला आकडा सगळ्यांना आवडला होता. कचरा नेणाऱ्या ताईंना आपण घरटी ८० रुपये देतो. ते बंद करायचे. सफाईवाल्याने सगळा कचरा खाली एकत्र करून महापालिकेच्या गाडीत टाकायचा. पुठ्ठा, बाटल्या, डबे सोसायटीने स्वतः भंगारवाल्याला विकायचे. ६४ घरांचे महिन्याला ५,१२० रुपये वाचले, वर्षाला ६१,४४०, शिवाय भंगाराचे येतील ते वेगळे. ऐकायला सोपं आहे.

आपल्याकडे येतात त्या दोघी 'स्वच्छ'च्या सभासद आहेत. १९९३ साली पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली. तोपर्यंत या बायका उकिरड्यावर, कुंडीत हात घालून कागद आणि पत्रा वेचायच्या, आणि लोक त्यांना चोर समजून हाकलायचे. त्या संघटनेतूनच कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायचं काम घेतलं. या कामाचा त्यांना महापालिकेकडून पगार मिळत नाही. त्यांची कमाई मुख्यतः दोन गोष्टींतून होते: घरांनी दिलेलं शुल्क आणि निवडलेला सुका कचरा विकून आलेले पैसे. आपला सातवा उपाय पहिली गोष्ट बंद करतो आणि दुसरी आपल्या खिशात घालतो. सभेत हे एकानेही बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

सभेनंतरच्या आठवड्यात मी एका सकाळी खाली त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. आपण 'वेगळा केलेला' कचरा त्या पुन्हा एकदा वेगळा करत होत्या. दह्याच्या डब्यात उरलेली आमटी, सुक्याच्या पिशवीत वापरलेले डायपर, फुटलेली काचेची बरणी नुसतीच टाकलेली. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ते उघडणार नाही, एवढंच त्या कित्येक वर्षं लोकांना सांगत आल्या आहेत. आपल्याकडे किती घरांतून लाल ठिपक्याचं पुडकं येतं, असं मी विचारलं. "चार-पाच," ताई म्हणाल्या. कचरा वेगळा करण्याची आणि तो नेणाऱ्याला शुल्क देण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनीच आपल्यावर टाकली होती. वेगळा करण्याचं आपलं काम त्या करतात, आणि आपण त्यांचे ८० रुपये वाचवायला निघालो आहोत. डेक्कनला ८० रुपयांत धड मिसळसुद्धा मिळत नाही.

'त्यांना परवडत नसेल तर त्या नाही म्हणतील,' असं एक जण म्हणाले. मला हे वाक्य फार लागलं. मी नाही म्हणू शकते, कारण माझ्यामागे पेन्शन आहे. ज्या बाईला आजचा सुका कचरा विकून उद्याचं किराणा आणायचं आहे, ती कोणत्या बळावर नाही म्हणेल? ती 'बरं' म्हणाली म्हणजे तिला पटलं, असं आपण धरून चालतो.

दहावा उपाय तीनच ओळींचा आहे आणि मला तो सगळ्यांत वाईट वाटला. गांडूळखत प्रकल्पाच्या 'नोंदी अद्ययावत ठेवाव्यात', म्हणजे करसवलत चालू राहील. शब्द सभ्य आहेत, अर्थ सगळ्यांना कळला आहे. गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक व्यवस्था चालू असेल तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, दोन असतील तर १०. आपला गांडूळखताचा खड्डा दोन वर्षांपासून बंद आहे. त्यात सी विंगच्या दुरुस्तीतल्या फुटक्या फरश्या आणि एक जुना कमोड पडला आहे. तरी सवलत आपण घेतोच. ही बचत कोणाच्या नावे पडते, हे शोधायला पंधरा-वीस किलोमीटर जावं लागेल. पुण्याचा कचरा कित्येक वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जाऊन पडला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, वास आणि धूर घराघरांत शिरला, गावकऱ्यांनी कितीतरी वेळा गाड्या अडवल्या. खत करतो असं सांगून आपण ज्या करातून सूट घेतली, त्याच ओल्या कचऱ्याचा भार शहरावर, म्हणजे शेवटी अशाच कुठल्या तरी गावावर पडला.

कागदावर नसलेल्या पण आपल्यात सर्रास चालणाऱ्या युक्त्याही याच जातीच्या आहेत. मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. आपल्याकडे फ्लॅट भाड्याने देऊन ती सवलत घेणारे आहेत. घरपोच सामानातली एक वस्तू 'आलीच नाही' असं खोटं कळवून पैसे परत मिळवण्याची युक्ती आपल्या ग्रुपवर हसत हसत सांगितली गेली. तक्रार ज्याच्या नावावर चढते तो पावसात गाडी चालवणारा विशीतला पोरगा आहे. शिक्षणहक्काच्या २५ टक्के जागांसाठी आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर वर्षाला १ लाखाच्या आत उत्पन्न लागतं. दोन गाड्या दारात असताना तो दाखला काढणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाला आपण 'हुशार' म्हणालो होतो. ती जागा एका विशिष्ट मुलाची होती. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, एवढाच काय तो फरक.

दवाखान्याबद्दल मी जपून बोलते, कारण तिथे मीही डगमगले आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दराने राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आज अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार आहे. माझ्या मिस्टरांच्या ऑपरेशनच्या वेळी एका परिचितांनी 'दाखल्याचं मी बघतो' असं सांगितलं. लाखभर रुपये वाचणार होते. मी नाही म्हणाले, पण ते म्हणायला मला एक अख्खी रात्र लागली. म्हणून संकटात असा दाखला घेतलेल्या माणसाला मी तोंडावर बोल लावणार नाही. फक्त एवढं सांगेन, की ती खाट रिकामी नव्हती.

स्वस्त जेवणाचंही तसंच आहे. १० रुपयांची शिवभोजन थाळी २०२० साली सुरू झाली आणि प्रत्येक केंद्राला दिवसाला किती थाळ्या ते ठरवून दिलं गेलं. आपल्यासारख्याने तिथे रांग लावली, तर शेवटचा हमाल किंवा रुग्णाचा नातेवाईक उपाशी परत जातो. हमाल पंचायतीने १९७४ साली सुरू केलेली 'कष्टाची भाकर' मात्र सगळ्यांसाठी खुली आहे, ना नफा ना तोटा तत्त्वावर चालते, आणि तिथे आपण जेवलो तर भाकऱ्या थापणाऱ्या बायकांच्या हाताला काम मिळतं. दोन्हीकडे ताट स्वस्त आहे, पण एका ठिकाणी मी हक्काने बसते आणि दुसरीकडे बसणार नाही.

आता माझ्या वहीतली एक नोंद सांगते. ती आजही मिटलेली नाही. सदाशिव पेठेत आमची एक जुनी खोली होती, ती आम्ही स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कॉट बेसिसवर, म्हणजे माणशी एका कॉटच्या भाड्याने, द्यायचो. २०१२ मध्ये तीन मुलं खोली सोडून गेली. प्रत्येकाच्या डिपॉझिटमधून मी रंगकामाचे म्हणून दीड हजार कापले. रंग दिलाच नाही. भिंती चांगल्या होत्या आणि आठवड्याभरात दुसरी मुलं आली. त्या साडेचार हजारांत थोडी भर घालून मी गॅसची नवी शेगडी घेतली, आणि 'बघा, घरखर्चातून काढली' असं कौतुकाने सगळ्यांना सांगितलं. भाडं आणायला जायचे तेव्हा दाराशी खानावळीचे दोनच डबे दिसायचे. मुलं तीन. मला दिसत होतं आणि कळतही होतं. त्यांची काटकसर त्यांच्या पोटाच्या नावे होती आणि माझी त्यांच्या. सात वर्षांनी मी त्यांना शोधायला लागले. एक तलाठी झाला आहे, एक गावी शेती बघतो. दोघांना पैसे पाठवले. दोघांनीही 'काकू, कशाला' म्हणून नको नको केलं, तेव्हा जास्तच वाईट वाटलं. तिसऱ्याचा नंबर बंद आहे. त्याचे दीड हजार कपाटात पाकिटात आहेत.

घासाघीस करूच नये, असं मी म्हणत नाही. तुळशीबागेत दुकानदार दुप्पट सांगतो, आपण निम्म्यात मागतो, दोघांनाही खेळ माहीत असतो आणि नको तिथे तो सरळ नाही म्हणतो. मंडईत संध्याकाळी उतरत्या बाजारात भाजी घेतली तर आपल्याला स्वस्त पडते आणि विकणाऱ्याचा माल सडत नाही. पण फुटपाथवर मेथीच्या सहा जुड्या घेऊन बसलेल्या आजींकडून पाच रुपये कमी करून घ्यायचे आणि वर कोथिंबीर-मिरची फुकट मागायची, हे मला आता जमत नाही. त्या पहाटे मार्केट यार्डातून माल आणतात, येण्याजाण्याचं भाडं भरतात, आणि ऊन चढलं की जुडीचा भाव आपोआप पडतोच. पूर्वी मीही मागायचे. त्या द्यायच्याही.

काटकसर सोडा, असं कोणी या पत्रातून वाचू नये. मला ती मनापासून आवडते आणि या वयातही मी नवीन काही शिकते. शनिवारी-रविवारी मेट्रोच्या तिकिटात ३० टक्के सवलत असते, म्हणून माझ्या पिंपरीच्या भेटीगाठी मी शनिवारवर ढकलल्या. औषधं जनऔषधी केंद्रातून आणते. डॉक्टरांना विचारून त्याच घटकाचं औषध घेते, आणि बिल पाहून दर वेळी आश्चर्य वाटतं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून उभं आहे, आणि वर्षाच्या वर्गणीत जेवढं वाचून होतं तेवढं विकत घ्यायचं तर घरात जागा उरणार नाही. नातवाची अवांतर पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी आणते. छत्री, मिक्सर, कुकरचं हँडल दुरुस्त करून वापरते, त्यात माझे पैसे वाचतात आणि दुरुस्त करणाऱ्याला मिळतात.

सोसायटीलाही असं पुष्कळ करता येईल. ताळेबंदाचं चौथं पान काढून बघा. गेल्या मार्च ते मे आपण टँकरवर ९६,००० रुपये घातले. त्याच तीन महिन्यांत सकाळी पार्किंगमध्ये पाइप लावून गाड्या धुतल्या जात होत्या, रोज. बादली आणि फडकं घेतलं, इमारतीतल्या घरांतली गळती एकदा प्लंबरकडून तपासून घेतली, आणि टँकरचं बिल निम्म्यावर आलं, तर ४८,००० वाचतात. सातव्या उपायाच्या ६१,४४० मधला मोठा भाग इथेच निघाला, आणि तो आपल्याच मनगटाच्या नावे पडला. ६४ घरांत ड्रिल मशीन किती असतील? मी आमच्या विंगमध्ये विचारलं, सोळा घरांत अकरा निघाली. एक शिडी, एक ड्रिल, मोठी पातेली आणि सतरंज्या सामाईक ठेवल्या तर पुढच्या कित्येक खरेद्या वाचतील. उरलेल्या तुटीसाठी मेंटेनन्स ४,००० करायची गरज पडणार नाही. ३,४०० पुरतील, असा माझा हिशेब आहे. ज्या घराला ते २०० रुपयेही जड जातात त्यांनी सेक्रेटरींना एकट्यात सांगावं, आणि आपण बाकीच्यांनी ते वाटून घ्यावेत. त्यांची नावं सूचनाफलकावर लागू नयेत.

कार्यकारी मंडळाला माझी मागणी स्पष्ट आहे. पाचवा, सातवा, नववा आणि दहावा उपाय मागे घ्यावा. अकरावा (मोलकरणींना लिफ्ट वापरू न देणं, म्हणजे वीज वाचते) तर चर्चेला यायलाच नको होता. चौथ्या मजल्यावर दिवसातून तीनदा चढणाऱ्या बाईच्या गुडघ्यांवर आपण विजेचं बिल टाकणार आहोत का? पुढच्या सभेला वॉचमनकाकांना, जिना झाडणाऱ्या दोघींना आणि कचरा नेणाऱ्या ताईंना पहिल्या रांगेत खुर्च्या द्याव्यात, आणि त्यांच्याबद्दलचा जो काही विषय असेल तो त्यांच्यासमोर मांडावा. चहा त्या दिवशी मी करून आणीन. आणि करसवलतीबद्दल महापालिकेला खरं कळवणारं पत्र, ज्यात खड्डा दोन वर्षं बंद होता हे लिहिलेलं असेल, मी तयार केलं आहे. चेअरमनसाहेबांनी त्यावर सही करावी. थकलेली रक्कम भरावी लागली तर माझा वाटा मी पहिल्या दिवशी भरीन.

दरम्यान खड्डा रिकामा करायचा आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी तिथे असेन. फरश्या जड आहेत, एकटीने उचलणार नाहीत. माझ्याकडे फावडी दोन आहेत, घमेली तीन. हातमोजे मात्र ज्याचे त्याने आणावेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बी विंगमधली एक सभासद
कर्वे रस्ता, पुणे